रोग्याचे सांगणे आणि डॉक्टरांचे ऐकणे

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत झालेल्या कार्याचा आढावा येतो, देणगीदारांची नावे येतात, पुढील संकल्प येतात. आरोग्यासाठी काही करावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत, खाटा, यंत्रे आणि रुग्णवाहिका उभी राहते. हे सारे हवेच. परंतु जिला पैसा लागत नाही, जागा लागत नाही, आणि जिच्यावाचून वरील सर्व साधने अर्धी वाया जातात, अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे रोगी आणि डॉक्टर यांच्यातील बोलणे. या लेखात आम्ही तिचाच थोडा अभ्यास सभासदांपुढे व त्यांच्या कुटुंबियांपुढे ठेवीत आहोत.

जुन्या शास्त्राचे मत

हा विषय नवा नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. प्रत्येकाच्या अंगी चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. रोग्याचे चार गुण कोणते? स्मरणशक्ती, सांगितल्याप्रमाणे वागणे, धीर न सोडणे आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपले दुखणे दुसऱ्यास नीट कळेल असे सांगता येणे. तसेच रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनी करावी, असे आयुर्वेद सांगतो : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. म्हणजे पाहावे, हात लावून तपासावे आणि विचारावे. विचारणे हे वैद्याचे काम ठरले, तर सांगणे हे ओघानेच रोग्याचे काम ठरते.

असे असूनही आपल्याकडे एक उलटी समजूत रूढ आहे. नाडी पाहून जो न विचारता सर्व ओळखतो तो खरा डॉक्टर, आणि जो फार विचारतो त्याला काही कळत नाही, असे पुष्कळांना वाटते. म्हणून अनेक वडीलधारी माणसे डॉक्टरांपुढे बसली की हात पुढे करतात आणि गप्प राहतात. “तुम्हीच बघा, डॉक्टरसाहेब,” एवढेच म्हणतात. यात आदर आहे हे खरे, पण त्या आदरापायी डॉक्टरांचे अर्धे साधन हिरावून घेतले जाते.

अर्धे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. १९७५ साली इंग्लंडमध्ये हॅम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रोग्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी ६६ जणांच्या बाबतीत केवळ हकिकतीवरून केलेले निदान पुढे सर्व तपासण्या झाल्यावरही कायम राहिले. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली. तरी कोणते यंत्र कोणाला लावावयाचे, हे आजही हकिकतीवरूनच ठरते.

किती वेळ ऐकतात?

आता दुसरी बाजू पाहू. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या अभ्यासकांनी डॉक्टर-रोग्यांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रोगी बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवीत, असे त्यांना आढळले. मग न थांबवल्यास रोगी किती वेळ बोलत राहतो? स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली हे मोजले गेले. ३३५ रोग्यांना मनसोक्त बोलू दिले, तेव्हा सरासरी ९२ सेकंदांत त्यांचे सांगणे संपले. दीड मिनिट ऐकण्याने दवाखान्यातील रांग काही बेसुमार वाढत नाही, असा याचा अर्थ.

आपल्या देशातील अडचण मात्र मोठी आहे. ६७ देशांतील माहिती एकत्र करून २०१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातील प्राथमिक उपचाराच्या भेटीचा वेळ साधारण दोन मिनिटे भरला. स्वीडनमध्ये तोच वेळ साडेबावीस मिनिटे होता. याचा सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे योग्य नाही. बाहेर ओसरीवर शंभर माणसे खोळंबली असता आतला डॉक्टर घाई करणारच. वेळ दोनच मिनिटांचा असेल तर त्या दोन मिनिटांत काय बोलले जाते, याला फार मोल येते. आपल्या हाती आहे ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

आपल्या तालुक्यातील तीन उदाहरणे

हे मोल किती, ते परक्या देशांच्या आकड्यांपेक्षा आपल्या मुलखातील दुखण्यांवरून अधिक स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण तापाचे. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग जंगलाचा. जांबोटी-कणकुंबीकडून गोवा आणि सिंधुदुर्ग जवळ. काजूच्या हंगामात तिकडे कामाला जाणारी माणसे या भागात पुष्कळ. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात एक नवा ताप प्रथम ओळखला गेला. त्याला आपण माकडताप म्हणतो, कानडीत मंगन कायिले म्हणतात. जंगलातील गोचिडीच्या चाव्यातून तो माणसास होतो. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात आणि २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आढळला. त्याच सुमारास गोव्यातील काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही त्याची बाधा झाल्याचे तपासणीत दिसले. आता विचार करा. असा मजूर घरी परतून दवाखान्यात गेला आणि “ताप आहे, अंग दुखते” एवढेच म्हणाला, तर ते वर्णन पन्नास रोगांना लागू पडेल. “पंधरा दिवस काजूच्या रानात होतो, अंगावर गोचिड्या चढल्या होत्या, तिथे माकडे मेलेली पाहिली,” असे तो म्हणाला, तर डॉक्टरांचा विचार लागलीच योग्य दिशेला वळतो. हे वाक्य बोलायला दहा सेकंद पुरतात.

दुसरे उदाहरण सर्पदंशाचे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटातील कळेने किंवा उलटीने. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, शब्द अडखळतात. घरचे म्हणतात, काही बाधले असेल. दवाखान्यातही “पोट दुखते” एवढेच सांगितले गेले तर पोटाचे औषध मिळण्याचा संभव आहे, आणि तोवर श्वास बंद पडू लागतो. “रात्री खाली जमिनीवर निजला होता, पहाटेपासून पोटात दुखते, आणि आता डोळे उघडता येत नाहीत,” ही तीन वाक्ये प्राण वाचवू शकतात. सर्पदंशाचा साधा संशय आला तरी वाट पाहू नये. रोग्याला चालवू नये, जखम कापू अथवा चोखू नये. १०८ क्रमांकास फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने तडक रुग्णालय गाठावे.

तिसरे उदाहरण घरोघरचे. छातीत दुखले की आपण “गॅस झाला” म्हणतो. डॉक्टरांकडेही हेच सांगतो. येथे आपण दुखणे सांगत नाही, आपणच केलेले निदान सांगतो. चढ चढताना छाती आवळल्यासारखी झाली, थांबल्यावर बरे वाटले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम फुटला, ही खरी हकिकत. “गॅस” या एका शब्दाने ती झाकून जाते आणि मोलाचे तास ओव्याचे पाणी पिण्यात जातात. मधुमेहाच्या व वृद्ध माणसांना तर हृदयविकारात छातीचे दुखणे कधी कधी जाणवतही नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखे होते. तेही सांगितले पाहिजे.

ऐकण्यातून काय साधते, याचे महाराष्ट्रातील थोर उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे. १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा अनेक माणसे, विशेषतः मुले, दगावत. बावस्कर रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसले. उलटी केव्हा झाली, घाम किती आला, हातपाय कधी गार पडले, हे विचारून आणि पाहून त्यांनी टिपून ठेवले. या निरीक्षणांतून हा हृदयावरचा आघात आहे हे स्पष्ट झाले. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. १९८२ व १९८६ साली त्यांचे लेख ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण फार खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या केंद्रात मोठी यंत्रसामग्री नव्हती. रोगी होता, आणि त्याच्याजवळ बसणारा डॉक्टर होता.

आपली भाषा, आपले शब्द

दुखणे सांगण्यास शब्द लागतात, आणि मराठीत ते भरपूर आहेत. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, मुरडा, आग, जळजळ, मुंग्या, कणकण, धाप, ढास, मळमळ, अंधारी, गरगरणे हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत. ठसठस म्हटले की पू धरलेली जागा आठवते. मुरडा म्हटले की आतड्याचे दुखणे. चमक क्षणभर येते आणि जाते. ठणका ठाण मांडून बसतो. मुंग्या म्हटले की शिरेचा विचार होतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे सारे शब्द ठाऊक होते. हल्लीची शिकलेली मुले मात्र “पेन होतंय” आणि “वीकनेस आहे” या दोन शब्दांत सर्व आटोपतात. इंग्रजी शब्द वापरल्याने डॉक्टरांना अधिक कळते असे नाही. नेमका मराठी शब्द गेला की माहिती गेली.

पण येथे आपल्या भागाची खास अडचण येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. आज सरकारी कामकाज कानडीतून आहे. घरात मराठी किंवा कोंकणी, बाजारात मराठी, कानडी व उर्दू, आणि डॉक्टर कोणत्याही जिल्ह्यातून बदलून आलेला, अशी आपली स्थिती. भाषेचा प्रश्न ज्याच्या त्याच्या जागी राहो. खाटेवर पडलेल्या रोग्याला वादात रस नसतो; आपले दुखणे समोरच्याला कळावे, एवढेच त्याला हवे असते.

म्हणून थोडी तयारी दोन्ही बाजूंनी हवी. दुखणे म्हणजे नोवु, जळजळ म्हणजे उरि, खोकला म्हणजे केम्मु, पोट म्हणजे होट्टे, छाती म्हणजे एदे, डोके म्हणजे तले. जेवणाआधी म्हणजे ऊटक्के मुंचे आणि जेवणानंतर म्हणजे ऊटद नंतर. वांती आणि ज्वर हे शब्द तर दोन्हीकडे चालतात. एवढे वीस-पंचवीस शब्द घरातल्या एकाला जरी येत असले तरी पुष्कळ काम होते. येथे येणाऱ्या कानडीभाषक डॉक्टरांनी व सिस्टरांनी ठणका, धाप, मुरडा हे आपले शब्द शिकून घेतले तर रोग्याच्या चेहऱ्यावरची भीती निम्मी ओसरते. पुष्कळजण आपणहून शिकतातही, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

जे सांगितलेच जात नाही

शब्द असूनही काही गोष्टी ओठांवर येत नाहीत. त्यात स्त्रियांची दुखणी पहिली. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पण त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. उरलेल्यांनी ते दुखणे अंगावरच काढले होते. सासू किंवा नवरा शेजारी उभा असता कोणती सून अशा गोष्टी बोलेल? म्हणून डॉक्टरांनी सोबत्यांना थोडा वेळ बाहेर बसण्यास सांगितले तर राग मानू नये. किंबहुना घरच्यांनी आपणहून उठावे.

तीच गोष्ट दारूची, तंबाखूची, गावठी औषधाची, मनाच्या उदासीची आणि पैशांच्या अडचणीची. गोळ्या महाग म्हणून एक दिवसाआड घेतल्या, हे सांगायला माणूस लाजतो. डॉक्टरांना वाटते, औषध लागू पडत नाही. मग ते आणखी जबर औषध देतात. पैसे नाहीत, हे सांगितले असते तर स्वस्तातले औषध लिहून मिळाले असते. सांगण्यात कमीपणा नाही. मात्र ते ऐकून डॉक्टरांनी रागावू नये, ही अट आहे. एकदा सर्वांसमोर बोलणी बसली की तो रोगी पुन्हा खरे बोलत नाही.

डॉक्टरांकडून अपेक्षा

डॉक्टरांना शहाणपण शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु वैद्यकीय शिक्षणानेच आता हा विषय पदरात घेतला आहे. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून देशभरच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग अधिकृतपणे आला, आणि सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेलाही जागा मिळाली. बेळगावातही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे शिकून निघणारे तरुण डॉक्टर आपल्या गावांत येतील तेव्हा त्यांच्याकडून काही अपेक्षा करणे वावगे होणार नाही.

पहिली अपेक्षा, रोग्याला पहिले दीड मिनिट बोलू द्यावे. दुसरी, औषध कसे घ्यावयाचे ते सांगून झाल्यावर “आता तुम्ही मला सांगा, कोणती गोळी केव्हा घेणार?” असे विचारावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रोगी लगेच विसरतो, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नमूद आहे. चिठ्ठीवरचे एक-शून्य-एक हे गणित निरक्षर आजीला उमगत नाही. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असे बोटांवर मोजून दाखविले तर उमगते. क्षयासारख्या रोगात तर हे अधिकच महत्त्वाचे. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस म्हणतो बरा झालो, आणि गोळ्या सोडतो. मग रोग औषधाला न जुमानणारा होऊन परततो. बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक कोणीतरी त्याला बसून सांगायला हवा.

तिसरी अपेक्षा संमतीची. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही घेणे म्हणजे संमती नव्हे. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उपचार कोणता, त्यात धोका कोणता, दुसरा मार्ग आहे काय, हे समजावून दिल्यावर रोग्याने स्वतः दिलेली ती खरी संमती. रोगी सज्ञान व शुद्धीवर असेल आणि प्राणावर बेतलेले नसेल, तर त्याच्या वतीने नातलगाने दिलेला होकार पुरत नाही. तसेच २००२ च्या नियमावलीप्रमाणे रोग्याने कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावयाची असतात. हा हक्क भांडणासाठी वापरावयाचा नाही. खानापुराहून बेळगावला आणि बेळगावाहून पुढे जाताना पुढच्या डॉक्टरांना मागचे कळावे, यासाठी तो आहे.

घरी करावयाची तयारी

आता आपल्या बाजूचे काम. दवाखान्यात जाण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून लिहून घ्याव्यात.

१. मुख्य त्रास कोणता, आणि तो केव्हापासून? “बरेच दिवस” असे न म्हणता दिवस सांगावा. तारीख आठवत नसेल तर सण किंवा बाजाराचा वार चालेल.

२. तो कशाने वाढतो, कशाने कमी होतो? चालल्यावर, जेवल्यावर, आडवे झाल्यावर?

३. गेल्या महिन्याभरात नवे काय घडले? परगावी काम, रानात मुक्काम, जनावराचा चावा, घरात दुसरे कोणी आजारी?

४. सध्या चालू असलेली सर्व औषधे, गावठी व आयुर्वेदिक धरून. गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. पूर्वी एखादे औषध बाधले असल्यास ते सर्वांत आधी सांगावे.

५. आपल्याला डॉक्टरांना काय विचारावयाचे आहे? फार तर दोन प्रश्न. ते उठता उठता विचारू नयेत, बसल्याबरोबर सांगून ठेवावेत.

सोबत एकच माणूस जावा, आणि त्याने रोग्याच्या वतीने बोलण्याची घाई करू नये. मुले पुण्याला किंवा गोव्याला आणि आईवडील गावी, अशी घरे आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. मुलाने फोनवरून डॉक्टरांशी बोलावे, पण आधी आईचे म्हणणे आईच्या तोंडून ऐकून घ्यावे.

संस्थेने काय करावे, याविषयी आमची सूचना साधी आहे. वरील पाच प्रश्न मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत छापलेले एक कार्ड प्रत्येक सभासदाच्या घरी द्यावे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या तरुण-तरुणींनी आठवड्यातून एक वार ठरवून रुग्णालयात येणाऱ्या खेड्यांतील रोग्यांच्या सोबत बसावे. रांगेत असतानाच त्यांची हकिकत नीट विचारून कागदावर उतरवून द्यावी, आणि परतताना औषधांच्या वेळा पुन्हा समजावून द्याव्यात. आशाताई हे काम आपापल्या गावात करीतच आहेत. त्यांच्या हाताला हात लागेल. पावसाळ्यात रानातल्या काही वस्त्यांवरून आजही रोग्याला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तो रस्ता होईल तेव्हा होवो, त्यासाठी झटलेही पाहिजे. पण इतक्या सायासाने आणलेला रोगी डॉक्टरांपुढे पोहोचल्यावर त्याचे दुखणे सांगितले न गेल्यामुळे तसाच परत जाऊ नये, हे मात्र आपल्याला येत्या आठवड्यापासून पाहता येईल.